आदल्या रात्रीचा स्वयंपाक

अख्खा गहू शिजवायचा तर तसा बेत आदल्या रात्री ठरवावा लागतो, आणि आमच्या घरात आदल्या रात्री काहीही ठरत नाही. उद्या डबा कोण नेणार, कोण उशिरा येणार, कोण ऐनवेळी "मी खाऊन आलोय" म्हणणार, यातलं रात्री साडेदहाला कुणालाच काही ठाऊक नसतं. मी ओट्यापाशी उभी राहून विचारते, "गहू भिजत घालू का?" नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "घाल की." हा होकार नव्हे. 'मला विचारू नकोस' हे सभ्यपणे सांगायची ती रीत आहे. चिरंजीव म्हणतात, "उद्याचं उद्या बघू."

उद्याचं उद्या बघायला पोहे बरे. पाहुणा जिना चढून वर येईस्तोवर भिजतात. रवा त्याहून बरा, त्याला भिजायचंही नसतं. खपली गहू, हातसडीचा तांदूळ, अख्खी ज्वारी, मोड आणायची नाचणी ही मंडळी मात्र निराळ्या घड्याळावर चालतात. संध्याकाळी सात वाजता भूक लागली म्हणून साडेसातला यांतलं कुणी ताटात येणार नाही. काल आठवण झाली होती का, एवढंच ती विचारतात. झाली नसेल तर डाळ-तांदळाचा कुकर लावावा आणि गप्प बसावं.

यात दाण्याचा आडमुठेपणा आहे असं मला पूर्वी वाटे. नीट पाहिलं तर त्याची बाजू रास्त आहे. दाणा म्हणजे मुळात बी. वरचा कोंडा आतल्या पिठुळ भागाला आणि टोकाशी दडलेल्या अंकुराला सांभाळण्यासाठी असतो. वळवाची एक सर आली आणि दाण्याने लगेच पाणी पिऊन कोंब काढला, तर पुढे ऊन पडल्यावर तो कोंब मरणार. म्हणून कोंडा पाण्याला बेताबेताने आत घेतो. आपण रात्री पातेल्यात पाणी ओततो तेव्हा मृग लागला असं त्याला पटवून देत असतो, आणि अशी खात्री पटायला आठ-दहा तास लागले तर ते काही फार नव्हेत. आपल्याला साधा आधारकार्डावरचा पत्ता बदलायला याहून जास्त लागतात.

माझ्या सासूबाईंना काहीतरी भिजत घातल्याशिवाय झोप यायची नाही. मटकी, मूग, मेथ्या, वाल. काहीच नसलं तर दोन बदाम. सगळे दिवे मालवून झाले की स्वयंपाकघरात एकदा टाकीचं पाणी वाजायचं, वाटीवर ताटली ठेवल्याचा आवाज यायचा, आणि मग घर झोपायचं. सकाळी उठायला काहीतरी कारण नको का, असं त्या म्हणत. सरकारदरबारी घोंगडी भिजत पडायची, आमच्याकडे वाट्या. फरक इतकाच की वाट्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा.

खपली गव्हाशी माझी खरी ओळख करून दिली ती आत्याने. आत्या शिरोळकडची. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन लुगडी, तपासण्यांचे कागद आणि पायलीभर खपली होती. डॉक्टरांना दाखवायचे कागद तळाशी होते. खपली वर.

"इथं मिळते की गं आता खपली, मॉलमध्ये," मी म्हटलं.

"मिळत आसंल. पर ती कुणी सडली, कवा सडली, तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मॉलच्या पाकिटावर कॅलरी लिहिलेल्या असतात, सडणारीचं नाव नसतं. साधा गहू मळणीत झोडपला की दाणा टरफलातून मोकळा होतो. खपली होत नाही. मळणी झाली तरी दोन-दोन दाणे आपल्या फोलात घट्ट बसलेले असतात. मग पाण्याचा हात लावून ती उखळात सडायची, फोल सुटली की सुपाने पाखडायची, वाळवायची, आणि राहिलेल्या फोलांसाठी पुन्हा सडायची. इतकं केल्यावर जो दाणा निघतो तो लांबट, तांबूस आणि टोकाला निमुळता असतो. हातात घेतला की लोकवन गव्हापेक्षा कडक लागतो. आणि हे सगळं भिजवण्याच्या आधीचं. म्हणजे खपलीला नुसती आदली रात्र पुरत नाही, आदला आठवडा लागतो. जगात सगळीकडे शेतकऱ्यांनी झटकन मोकळा होणारा गहू का जवळ केला, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. कृष्णाकाठच्या लोकांनी खपली का सोडली नाही, याचं वाटतं. निदान खीर खाईपर्यंत तरी वाटायचं.

नवऱ्याने तोवर मोबाइलमध्ये शोधून काढलं की हा अतिशय प्राचीन गहू आहे, माणसाने अगदी सुरुवातीला जी पिकं लावली त्यांतला आहे, आणि इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणारी माणसं याच जातीच्या गव्हाचा पाव खात. हे सगळं त्याने आत्याला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, कारण डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला ऐकूही कमी येतं असा त्याचा समज आहे. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यास्नी खीर येत हुती का?"

ही माहिती मोबाइलमध्ये नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याने खुर्चीत बसून, एका डोळ्याने, माझ्याकडून खीर करून घेतली. रात्रभर भिजलेली खपली चाळणीत निथळली. उखळ आमच्याकडे नाही. आमच्या मजल्याखालच्या लोकांना ते आवडलं नसतं. मिक्सर पुढे केला तेव्हा आत्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "फिरवायचं न्हाई. नुसतं दचकवायचं." मी बटण दाबून लगेच सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. खपली तीनदा दचकली. दाणे कुठे अर्धे, कुठे नुसते टोकाला फुटलेले. याहून बारीक झाली तर ती लापशी होते, खीर नव्हे, आणि शिरोळात हा फरक फार गांभीर्याने घेतात.

मग दाटपणासाठी मूठभर तांदळाच्या कण्या आणि भरपूर पाणी घालून कुकर लावला. शिट्ट्या मोजायला आत्या तयार नव्हती. शिट्टी हे कुकरचं मत झालं, आपण दाण्याला विचारायचं. झाकण उघडल्यावर तिने एक दाणा बोटावर घेतला, अंगठ्याने चेपला आणि माझ्यापुढे धरला. दाणा चपटा झाला होता, पण मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका होता. "ह्यो गेला पायजे." पुन्हा कुकर. तोवर माझ्या हातात गुळाची वाटी तयार होती, ती तिने मांडीवर घेऊन ठेवली, चुकून पडायला नको म्हणून. कारण गूळ आधी पडला की गहू ताठतो. गूळ पाणी स्वतःकडे धरून ठेवतो, दाण्याच्या वाट्याला ते येत नाही, आणि मग तो लग्नात रुसून बसलेल्या मामासारखा बसतो तो बसतोच. तासभर मनधरणी करा, गॅस संपेल, मामा उठणार नाही.

पांढरा ठिपका गेला तेव्हा गूळ पडला. पडल्याबरोबर सगळी खीर पातळ झाली. मी आत्याकडे बघितलं. "हुतीया. ढवळ." दहा मिनिटांनी ती पहिल्यासारखी दाट झाली, शिवाय रंग चढला. मग भाजलेली खसखस, ओलं खोबरं, सुंठ, वेलदोडा, आणि जायफळ किसणीवर दोनदा ओढून. दूध पातेल्यात नाही. गुळाच्या गरम खिरीत दूध फाटतं, म्हणून ते वाढताना, वाटीत, गार. वरून तूप. पहिला घास घेतल्यावर दाणा दाताखाली किंचित अडतो आणि मग सुटतो. तो अडण्याचा जो क्षण आहे, त्यासाठी ही सगळी खटपट. रव्याच्या खिरीत तो नाही, शेवयांत नाही. मैद्यात तर असण्याचा प्रश्नच येत नाही, मैदा कशालाच अडत नाही.

नवऱ्याने तीन वाट्या खाल्ल्या. त्याची साखर अंमळ वरच्या बाजूला असते, पण खपली मधुमेह्यांना चांगली असं त्याने वाचलं होतं. त्या लेखात गुळाबद्दल काही नव्हतं, असं तो म्हणतो.

धान्य निवडण्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक निवडणारे नव्हते. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू आणि ज्वारी पोत्यांनी यायची, गच्चीवर वाळायची, निवडून झाली की कडुनिंबाचा पाला घालून कोठीत जायची. निवडताना ताट कलतं धरायचं, धान्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला बोटाने ओढायचं, आणि खडे आणि आळीतली माणसं दोन्ही बाजूला काढायची. बायकांच्या हाताखालून एका दुपारी पाच किलो गहू आणि तीन संसार जात. आता स्वच्छ धान्य पाकिटात मिळतं. ते बरं आहे, पाठ दुखत नाही. त्या पाकिटातही पावसाळ्यात सोंडे होतात हे फक्त कंपनी मानत नाही. कोठीतले सोंडे आमचे होते, पाकिटातले परके आहेत, आणि परक्यांशी वागायचं कसं ते अजून जमत नाही.

खरी गंमत गिरणीत आहे. दाणा अख्खा असेपर्यंत वर्षभर निवांत थांबतो. एकदा फोडला की मात्र त्याचा स्वभाव बदलतो आणि त्याला घाई सुटते. बाजरीचं पीठ याबाबतीत सगळ्यांत अधीर. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, साधारण ५ टक्के. दळल्यावर हे तेल उघडं पडतं आणि पीठ थोड्या दिवसांत कडवट लागायला लागतं. म्हणून भोगीला तीळ लावून भाकरी करायची तर बाजरी त्याच आठवड्यात दळायची. ज्वारीचं पीठ कडू होण्याआधी रुसतं. ते जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरत चालते. ज्वारीत गव्हासारखा चिकट भाग नसतो, म्हणूनच कढत पाणी घालायचं. त्याने थोडं पीठ शिजून खळीसारखं होतं आणि बाकीच्याला धरून ठेवतं. पण जुन्या पिठाला तेही पटत नाही. मग घरात भाकरीचे नकाशे तयार होतात आणि सगळे आपापल्या तालुक्याचा शोध घेत जेवतात.

म्हणून आठवड्याला दळण. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत डब्यांची रांग असते आणि रांगेत एकच चर्चा चाललेली असते: कुणाचं कुणावर टाकायचं. गिरणीत आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं. त्यामुळे "ज्वारीवर ज्वारीच टाका हं" हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारलं जात असेल ते गिरणीवाले मामाच जाणोत. गव्हावर बाजरी गेली तर तक्रार नसते, पण बाजरीवर गहू टाकला तर पोळ्या काळपट होतात आणि पुढच्या आठवड्यात मामांचं काही खरं नसतं. उपवासाच्या दळणाची तर वेगळीच सोवळी रांग. हल्ली दुकानात मल्टीग्रेन आटा म्हणून जो महागात मिळतो, तो आमच्या गिरणीत पूर्वी चुकून आणि फुकट मिळायचा, आणि त्यावरून भांडणं व्हायची. जात्याच्या दगडांना टाकी लावली त्या दिवशी पहिलं दळण कुणालाच नको असतं, पिठात कचकच येते. तेवढ्यापुरती सगळ्यांना एकमेकांची अचानक काळजी वाटायला लागते. "तुमचं आधी घ्या, तुम्हाला घाई असेल."

मामा न विचारता एक गोष्ट करतात. ज्वारी भरडून हवी म्हटली की दगडातलं अंतर सैल करतात आणि डबा परत देताना म्हणतात, "कण्या का? ताकातल्या?" पीठ चाळून बाजूला, कण्या निराळ्या, मग ताकात शिजवून वर लसणाची फोडणी. विदुराच्या घरी कृष्णाने याच खाल्ल्या अशी कथा आहे. दुर्योधनाकडचं पंचपक्वान्न सोडून तो कण्यांना गेला याचं पुराणात फार कौतुक आहे. मला त्यात एवढं नवल वाटत नाही. दुर्योधनाकडची ताटं पोटातल्या मसलतीसकट वाढलेली असणार. विदुराकडे निदान शांतपणे चावता आलं.

हे जे 'लवकर खराब होतं' प्रकरण आहे, त्यातूनच पांढऱ्या धान्याचा सगळा इतिहास घडला. कोंड्यात आणि अंकुरात तेल असतं, तेल असलं की टिकत नाही, टिकलं नाही की दुकानदार आणि लष्कर दोघांनाही नको. मग कोंडा घासून टाका, तांदूळ चकचकीत करा, तो गोदामात पडून राहतो. पडून राहण्यात तांदळाने जे कमावलं ते खाणाऱ्याने कुठे गमावलं, हे कळायला कोंबड्यांची मदत लागली. १८९० च्या सुमारास जावा बेटावर, तेव्हाच्या बटाविया शहरात, ख्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्या एके दिवशी बेरीबेरीच्या रोग्यांसारख्याच लुळ्या पडायला लागल्या. आणि मग काही दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या. जंतूला असं वागायचं काही कारण नव्हतं. चौकशी केली तेव्हा निघालं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून उरलेला पांढरा भात मिळत होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने सरळ सांगितलं, लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या हलक्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या.

आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं. आचाऱ्याला काही मिळालं नाही. मी हा आचारी डोळ्यांपुढे आणू शकते. असे आचारी मी मंगल कार्यालयांत पाहिले आहेत. दुसऱ्यांदा मठ्ठा मागितला की ज्यांचा डाव हवेतच थांबतो. कंजूषपणाने विज्ञानाची इतकी मोठी सेवा क्वचितच केली असेल. पुढे त्या कोंड्यातल्या द्रव्याला बी-१ जीवनसत्त्व म्हणायला लागले.

आपल्याकडे हा विषय वर्ध्याला पोचला. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. तो वर्ध्याच्या मगनवाडीत होता आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. या मंडळींनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल आणि गूळ यांचा असा काही प्रचार केला की ऐकणाऱ्याला गिरणीचा पांढरा तांदूळ खाताना अपराधी वाटावं. कुमारप्पा शिकलेले हिशेबनीस होते, त्यामुळे त्यांनी कोंड्याचाही हिशेब मांडला असणार याबद्दल मला शंका नाही. तरी पांढऱ्याशुभ्र आंबेमोहराचं देशाला असलेलं वेड काही गेलं नाही. खरं सांगायचं तर साधं वरण, तूप, लिंबू आणि हातसडीचा भात यांचं जमत नाही. हातसडीचा भात वरणाशी वाद घालतो. त्याला आमटी लागते, तीही सणसणीत, किंवा दही. सिंधुदुर्गातली आणि गोव्यातली माणसं या बाबतीत शहाणी. ती लाल उकड्या तांदळाची पेज करतात, सोबत सुकं काहीतरी किंवा लोणचं, आणि वरणाला त्या भानगडीतच पाडत नाहीत.

डॉक्टरांनी नवऱ्याला "होल ग्रेन खा" असं सांगितलं तेव्हा त्याला ते औषध वाटलं. घरी येऊन त्याने यादी केली: ओट्स, क्विनोआ, ब्राउन राइस. मी त्याच्या ताटातली भाकरी त्याला दाखवली. नाचणीचं तर असं आहे की तिचा दाणा एवढासा आणि साल त्याला इतकी चिकटलेली की ती काढायची म्हटली तरी धड काढता येत नाही. पीठ करायचं तर साल धरूनच. त्यामुळे कोकणातला आणि घाटावरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या निरुपायाने सकस खात आला. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गाईच्या तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. नवऱ्याने हे आकडे तपासून पाहिले, आणि मग नाचणीकडे जरा आदराने पाहायला लागला. भाकरीकडे इतकी वर्षं तो नुसता भुकेने पाहत होता.

क्विनोआ तरीही आला. चिरंजीवांनी मागवला. तो चार पाण्यांनी धुवावा लागतो, नाहीतर कडू लागतो. दाणे बारीक, शिजल्यावर प्रत्येकाला एक पांढरी शेपटी. चवीला वाईट नाही, पण त्याला स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला हा पाहुणा आपल्या चाकवताच्या कुळातला आहे. अगदी जवळचा, एकाच गोत्रातला. म्हणजे ज्या चाकवताची जुडी आपण दहा रुपयांत मिळाली नाही तर भाजीवाल्याशी हुज्जत घालतो, त्याच्या चुलतभावाचं बी आपण शेकड्यांनी मोजून आणतो. त्या रात्री मी क्विनोआबरोबर ताकातला चाकवत केला. दोघं एका ताटात होते. ओळख निघाल्यासारखं काही वाटलं नाही.

उपवासाच्या धान्यांचं शास्त्र मात्र मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. एकादशीला धान्य चालत नाही, राजगिरा चालतो. यात वनस्पतिशास्त्र आजीच्या बाजूने उभं आहे. राजगिरा गहू-तांदळासारखा गवताच्या कुळातला नाहीच. क्विनोआचाच तो नातेवाईक. तेव्हा त्याला धान्यातून वगळणं बरोबर. पण वरी? वरी चांगली अस्सल गवतवर्गातली, ज्वारीच्या नात्यातली. ती कशी काय सुटली? सासूबाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वरी फार गरीब आहे गं, तिला कोण अडवणार." मला हे उत्तर पटलं. शिवाय दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी समोर आल्यावर पटवून घ्यायची तयारीही असते.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. प्रस्ताव भारताचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात भरडधान्यांना 'श्रीअन्न' म्हटलं गेलं. आमच्या भागात एक छोटं उपाहारगृह निघालं, ज्वारीचा पिझ्झा आणि नाचणीचा मोमो मिळणारं. मंगळवेढ्याकडचे एक ओळखीचे शेतकरी घरी आले होते तेव्हा आम्ही त्यांना तिथे नेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. काळ्या, खोल जमिनीत, पावसाळ्यानंतर मातीत उरलेल्या ओलीवर ती येते, आणि दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार उघडलं ते याच गावचं. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ ही जात त्यांच्याकडे आजोबांपासून पेरली जाते. त्यांनी मेन्यू उलटासुलटा करून पाहिला, ज्वारीच्या पिझ्झाची किंमत पुन्हा एकदा चष्मा लावून वाचली, आणि विचारलं, "पोत्याचा भाव लिहिलाय का हा?" पिझ्झा आला. खाल्ला. "पीठ नवं आहे," एवढाच अभिप्राय दिला. मी तो प्रशस्तीच समजते. पुढच्या जानेवारीत त्यांनी आम्हाला हुरड्याला बोलावलं. शेतात आगटी पेटवलेली, कणसं निखाऱ्यात, आणि एक म्हातारे गृहस्थ भाजलेलं कणीस तळहातात चोळून कोवळे हिरवे दाणे ताटलीत पाडत होते. बरोबर दही, लसणाची चटणी, गूळ. अख्ख्या धान्याचा हा एकच प्रकार असा, की ज्याला आदली रात्र लागत नाही. भिजवणं नाही, सडणं नाही, कुकर नाही. फक्त तो दाणा दुधाळ असतानाच्या आठ-पंधरा दिवसांत तुम्हाला तिथे असावं लागतं. चिरंजीवांना हे फार आवडलं. त्यांना उद्याचं उद्या बघता आलं.

आता गेल्या महिन्यातलं. भाचीच्या मुलीचं बारसं होतं, एका हॉलमध्ये. आत्या आली होती. डोळा आता स्वच्छ, त्यामुळे तिला सगळं दिसत होतं, हा भाचीच्या सासरच्यांचा थोडा तोटाच. केटररबरोबर मेन्यू ठरवायला आम्ही बसलो. स्टार्टर, दोन भाज्या, पुलाव, जिलबी, आइस्क्रीम. आत्याने मध्येच विचारलं, "आन् घुगऱ्या?"

केटरर तरुण होता. त्याने वहीत वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजी, घुगऱ्या आमच्या मेन्यूत नाहीत."

"गहू न्हाईतर हरभरं भिजवायचं, उकडायचं, मीठ, खोबरं. त्यात काय हाय?"

"तसं सोपं आहे, आजी. पण आदल्या दिवशी भिजवायला आमची माणसं दुसऱ्या कार्याला असतात." तो विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "त्याच्याऐवजी स्वीटकॉर्न चाट चालेल का? लाइव्ह काउंटर लावतो."

मी मनात म्हटलं, मकाही शेवटी अख्खं धान्यच. मुलगा फार काही चुकीचं बोलत नाही. भाचीलाही ते बरं वाटलेलं दिसलं.

"चालंल की," आत्या म्हणाली. "न चालायला काय झालं? पर ही पोरगी उद्या मोठी हुईल, उलटून बोलंल. तवा तिला काय म्हणायचं? तुझ्या बारशाचा स्वीटकॉर्न खाल्लाय म्हून?"

केटररने वहीत 'घुगऱ्या – ५ किलो' असं लिहिलं आणि कुठलं पातेलं रिकामं आहे ते विचारायला फोन लावला.